१०० येन पगारावर इंग्रजी शिकवायला गेलेला एका डोळ्याचा मास्तर जपानी कसा झाला?

साल १८९०. जपानच्या पश्चिम अंगाला शिंजी नावाचं एक मोठं सरोवर आहे. त्या सरोवराच्या काठावर मात्सुए हे जुनं किल्ल्याचं गाव. रेल्वे अजून तिथे पोचली नव्हती. गावातल्या सरकारी शाळेला इंग्रजी शिकवायला मास्तर हवा होता, आणि तोही परदेशी. पगार महिना १०० येन. एवढा पगार त्या शाळेतल्या एकाही जपानी मास्तराला नव्हता.

आता एवढे पैसे कशाला, तर त्यामागे सरकारचं धोरण होतं. १८६८ मध्ये जपानमध्ये सत्तापालट झाला आणि मेइजी सम्राटाचा काळ सुरू झाला. युरोप-अमेरिकेच्या बरोबरीला यायचं तर त्यांचं ज्ञान शिकून घ्यायला हवं, म्हणून जपान सरकारने परदेशी इंजिनिअर, डॉक्टर, वकील, मास्तर भरमसाठ पगार देऊन बोलावले. पण त्यात एक मेख होती. ही माणसं कायमची ठेवायची नव्हती. त्यांच्याकडून शिकायचं, आपली पोरं तयार करायची आणि मग त्यांना निरोप द्यायचा, असा साधा सरळ हिशोब होता.

मात्सुएला जो मास्तर आला त्याचं नाव लाफकाडिओ हर्न. वय ४०. अंगाने बुटका, डावा डोळा गेलेला, उजवा डोळा ताण पडून पडून फुगल्यासारखा बाहेर आलेला. हातात पदवी नाही, शाळेत शिकवण्याचा अनुभव नाही, जपानी भाषेचं ज्ञान जवळपास शून्य. पोटापाण्याचा धंदा म्हणाल तर पत्रकारिता, आणि त्यातही एके काळी खुनाच्या बातम्या लिहिण्यात हातखंडा.

पण याच माणसाने जपानी भुतांच्या गोष्टी जगभर पोचवल्या. आज जपानमध्ये त्याला कोइझुमी याकुमो म्हणून ओळखतात, शाळेच्या पुस्तकांतून पोरं त्याच्या गोष्टी वाचतात, आणि २०२५ मध्ये जपानच्या सार्वजनिक वाहिनीने त्याच्या बायकोच्या आयुष्यावर बेतलेली रोजची मालिका सुरू केली.

हर्नची सुरुवातच मुळात विचित्र झाली. २७ जून १८५० रोजी ग्रीसजवळच्या लेफ्काडा बेटावर त्याचा जन्म झाला. लाफकाडिओ हे नाव त्या बेटावरूनच पडलं. बाप आयरिश, ब्रिटिश फौजेतला डॉक्टर. आई रोझा ग्रीक. पोरगं दोन वर्षांचं असताना मायलेक डब्लिनला बापाच्या नातेवाइकांकडे आले. तिथली हवा, भाषा, धर्म, काहीच आईला मानवलं नाही. पोरगं चार वर्षांचं असताना ती ग्रीसला निघून गेली आणि पुन्हा कधी दिसली नाही. बापाने ते लग्न रद्द करून घेतलं, दुसरं लग्न केलं आणि नव्या बायकोला घेऊन थेट आपल्याकडे सिकंदराबादच्या छावणीत नोकरीला आला. १८६६ मध्ये परतीच्या वाटेवर हिवतापाने तो बोटीवरच गेला.

पोराला एका श्रीमंत आजीने, म्हणजे बापाच्या मावशीने सांभाळलं. १६ व्या वर्षी शाळेत खेळताना डावा डोळा गेला. त्यानंतर हर्नने आयुष्यभर फोटो काढताना चेहऱ्याची डावी बाजू लपवली. पुढे आजीचं दिवाळं निघालं आणि १९ वर्षांच्या हर्नला अमेरिकेचं तिकीट हातात देऊन वाटेला लावण्यात आलं.

सिनसिनाटी शहरात त्याने उपाशी दिवस काढले. हेन्री वॉटकिन नावाच्या एका छापखानेवाल्याने त्याला आसरा दिला. मग वर्तमानपत्रात नोकरी लागली, नाव झालं. आणि १८७४ मध्ये त्याने मॅटी फोली हिच्याशी लग्न केलं. मॅटी कृष्णवर्णीय होती, गुलामीत जन्मलेली. ओहायो राज्यात तेव्हा गोऱ्या-काळ्यांचं लग्न बेकायदा होतं. बोभाटा झाला, हर्नची नोकरी गेली. तीनेक वर्षांत संसारही मोडला आणि हर्न तिला मागे सोडून न्यू ऑर्लिन्सला निघून गेला. कायद्याला न जुमानता लग्न करायची हिंमत त्याच्यात होती, ते निभावण्याची नव्हती. या मॅटीचं नाव लक्षात ठेवा, ते शेवटी पुन्हा येणार आहे.

न्यू ऑर्लिन्समध्ये दहा वर्षं, मग मार्टिनिक बेटावर दोन वर्षं, असं करत एप्रिल १८९० मध्ये हर्न योकोहामाच्या बंदरात उतरला. एका अमेरिकन मासिकासाठी जपानवर लेख लिहायचे होते. पण सोबत आलेल्या चित्रकाराला आपल्यापेक्षा जास्त पैसे मिळणार असल्याचं कळलं आणि साहेबांचं डोकं फिरलं. करार मोडला. परक्या देशात, खिसा रिकामा. तेव्हा टोकियोतले प्राध्यापक बेसिल हॉल चेंबरलेन आणि शिक्षणखात्यातले हात्तोरी इचिझो यांनी शब्द टाकला आणि मात्सुएची नोकरी मिळाली.

म्हणजे इंग्रजी शिकवणं हे काही हर्नचं स्वप्न वगैरे नव्हतं. परदेशात अडकलेल्या माणसाला जे काम मिळालं ते त्याने घेतलं, एवढंच.

मात्सुएला जायला डोंगर ओलांडून रिक्षाने चार दिवस लागले. रिक्षा म्हणजे माणसाने ओढायची. वाटेत एका गावात पितरांच्या सणाचा नाच चालला होता, तो बघून हर्न भारावून गेला. ऑगस्ट १८९० च्या अखेरीस तो मात्सुएला पोचला आणि पुलाजवळच्या एका खाणावळीत उतरला.

तिथल्या सकाळी त्याने पुढे आपल्या पुस्तकात टिपून ठेवल्या आहेत. भात कांडण्याचा जमिनीतून येणारा दणका, मग देवळाची घंटा, मग उगवत्या सूर्याला नमस्कार करताना लोकांनी वाजवलेल्या टाळ्या, आणि मग लाकडी पुलावरून जाणाऱ्या खडावांचा खडखडाट. एका डोळ्याने अधू असलेल्या माणसाला गाव आधी कानांनी कळलं, असं म्हणायला हरकत नाही.

पण त्या खाणावळीत तो फार दिवस टिकला नाही. तिथे एका लहान मुलीचे डोळे आले होते. हर्न मालकाला सांगून थकला की पोरीला डॉक्टरकडे ने. मालक हो हो म्हणायचा आणि काहीच करायचा नाही. शेवटी हर्न चिडून खाणावळ सोडून गेला आणि आपल्या खर्चाने त्याने त्या मुलीवर उपचार करवले. डोळ्याचं दुखणं काय असतं हे त्याला वेगळं सांगायला नको होतं.

शाळेत हर्नचा आधार होता निशिदा सेंतारो. हा तिथला इंग्रजी जाणणारा वरिष्ठ शिक्षक, हर्नपेक्षा बराच तरुण आणि तब्येतीने नाजूक. पगार कसा घ्यायचा, कुणाला किती वाकून नमस्कार करायचा, घर कुठे मिळेल, सगळं निशिदा बघायचा. सरकारी कागदावर नाव जपानी लिपीत लिहिताना हर्नचं हेरुन झालं. गावाने तेच उचललं. मास्तरांचं नाव पडलं हेरुन-सान, आणि मास्तरांनाही ते आवडलं.

हर्न दोन ठिकाणी शिकवायचा, मुलांच्या माध्यमिक शाळेत आणि शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत. काम साधंच होतं. उच्चार, वाचन, संभाषण, निबंध. व्याकरणाचे नियम घोकून घेण्यात त्याला रस नव्हता. तो मुलांना निबंध लिहायला द्यायचा, आणि विषय त्यांच्या ओळखीचे असायचे: गावची जत्रा, भुतं, सरोवर, कासव. मुलांनी मोडक्या इंग्रजीत लिहिलेलं तो मन लावून वाचायचा. मुलांना वाटायचं मास्तर आपल्या चुका काढतोय, आणि मास्तर त्यातून जपान शिकत होता.

आधीच्या काही परदेशी मास्तरांनी मुलांच्या देवाधर्माला नावं ठेवली होती. सम्राटाच्या तसबिरीसमोर वाकणं म्हणजे रानटीपणा असंही मुलांनी ऐकलं होतं. हर्नने उलटं सांगितलं. आपल्या पूर्वजांचा, आपल्या रीतींचा मान राखा, असं हा परदेशी मास्तर सांगतोय म्हटल्यावर मुलं चकित झाली. संध्याकाळी ती त्याच्या घरी येऊ लागली. कुणी घरातली जुनी चित्रं दाखवायला आणायचं, कुणी नुसतं येऊन गप्प बसायचं. त्यातले काही त्याच्या डोळ्यांदेखत आजाराने गेले, आणि त्यांच्याबद्दल हर्नने जे लिहिलं ते वाचताना आजही गलबलून येतं.

गावात नोकरी लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते तेव्हा त्याला इझुमोच्या प्राचीन देवस्थानाच्या आतल्या भागात प्रवेश मिळाला. तिथवर जाणारा तो पहिला पाश्चात्त्य माणूस ठरला.

मग आला हिवाळा. मात्सुएत त्या वर्षी जबरदस्त बर्फ पडला. कागदी दारांच्या घरात, कोळशाच्या शेगडीवर हात शेकत, उष्ण प्रदेशातून आलेला हर्न अंथरुणाला खिळला. प्रांताच्या गव्हर्नरच्या मुलीने त्याला बरं वाटावं म्हणून एक गाणारा पक्षी भेट पाठवला. पण घर सांभाळायला माणूस हवं होतं, आणि १८९१ च्या सुरुवातीला कोइझुमी सेत्सु त्याच्या घरी आली.

सेत्सु २२-२३ वर्षांची. सामुराई घराण्यातली. पण नव्या राजवटीत सामुराईंची वतनं गेली, मानमरातब गेला आणि घरं रस्त्यावर आली. सेत्सुने ११ व्या वर्षापासून कापड विणून घराला हातभार लावला होता. पहिलं लग्न झालं होतं, पण गरिबीला कंटाळून नवरा पळून गेला. परदेशी माणसाच्या घरी कामाला राहणं म्हणजे गावाच्या तोंडी लागणं. तिने ते पत्करलं, कारण मागे खाणारी तोंडं होती. थोड्याच दिवसांत दोघं नवरा-बायको म्हणून राहू लागले.

आता प्रश्न असा की, याला जपानी येत नाही, तिला इंग्रजी येत नाही. बोलायचे कसे?

तर त्यांनी स्वतःची भाषा बनवली. शब्द जपानी, पण विभक्ती-प्रत्यय गायब, क्रियापदं न चालवता जशीच्या तशी. मराठीत सांगायचं तर, मी उद्या शाळा जाणे, पाऊस फार पडणे, अशा थाटाची. घरात तिला हेरुन-सानची भाषा म्हणत. बाहेरच्याला ती ऐकून हसू यायचं, पण त्याच भाषेत दोघांनी १३ वर्षं संसार केला, भांडणं केली आणि पुस्तकं घडवली. सेत्सुने इंग्रजी शिकण्यासाठी केलेल्या वह्याही राहिल्या आहेत. कानाला जसं ऐकू आलं तसं गावठी उच्चारात लिहिलेलं इंग्रजी त्यात आहे.

किल्ल्याच्या खंदकाशेजारचं एक सामुराई घर त्यांनी भाड्याने घेतलं. ते आजही जपून ठेवलेलं आहे. तीन बाजूंनी बाग. बागेत बेडूक होते आणि बेडूक खाणारा सापही होता. साप बेडकांच्या मागे लागू नये म्हणून हर्न आपल्या ताटातलं त्याला द्यायचा. एकदा काही पोरं मांजराचं पिल्लू पाण्यात बुडवून खेळत होती, तर ते ओलंचिंब पिल्लू हर्नने घरी आणून स्वतःच्या छातीशी धरून ऊब दिली. जेवणाचं मात्र त्याचं फार जमलं नाही. सुरुवातीला हौसेने जपानी जेवण जेवला, पण पोट बिघडल्यावर मटणाच्या तुकड्यावर आणि अंड्यांवर आला.

हे सुख १५ महिने टिकलं. सेत्सुची आई, तिला दत्तक घेतलेले आई-वडील, आजोबा असं सगळं बिऱ्हाड हर्नच्या पगारावर आलं होतं. एकट्या फिरस्त्याला १०० येन म्हणजे चैन होती, पण या गोतावळ्याला ते पुरेनात. त्यात थंडी सोसवेना. नोव्हेंबर १८९१ मध्ये हर्न दक्षिणेला कुमामोतोच्या सरकारी उच्च शाळेत गेला. पगार दुप्पट, २०० येन. मुख्याध्यापक कोण, तर ज्युदोचे जनक कानो जिगोरो!

पण कुमामोतो त्याच्या मनाला लागलं नाही. १८७७ च्या बंडात ते शहर जळालं होतं आणि नव्याने लष्करी छावणीसारखं उभं राहिलं होतं. जुनी देवळं नाहीत, गोष्टी सांगणारी माणसं नाहीत. विद्यार्थी मोठे, गंभीर, अबोल. मात्सुएत पोरं घरी यायची, इथे सहकारीसुद्धा कामापुरतं बोलायचे. शाळेमागच्या टेकडीवर स्मशानात बुद्धाची एक जुनी दगडी मूर्ती होती, मधल्या वेळात हर्न तिच्याजवळ जाऊन बसायचा. परदेशात नोकरी करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. पहिल्या गावाचं कौतुक ओसरतं, दुसऱ्या गावात नुसती नोकरी उरते.

१८९३ मध्ये मुलगा झाला, काझुओ. आणि इथून हर्नच्या डोक्याला घोर लागला.

सेत्सुशी ब्रिटिश कायद्याने रीतसर लग्न लावलं, तर ती आणि मुलगा ब्रिटिश होणार. परदेशी माणसाला तेव्हा जपानमध्ये जमीन घेता येत नव्हती, देशात हवं तिथे राहताही येत नव्हतं. म्हणजे सेत्सु स्वतःच्याच देशात परकी होणार. लग्न तसंच ठेवलं, तर हर्न मेल्यावर तिला आणि मुलाला दमडी मिळेल याची खात्री नाही. तिसरा रस्ता एकच: हर्ननेच जपानी व्हायचं. पण पगार मिळत होता तो परदेशी म्हणून. जपानी झाला की पगारही जपानी होण्याची भीती.

या कात्रीत तो दोनेक वर्षं होता. मधल्या काळात कोबेला जाऊन त्याने इंग्रजी वर्तमानपत्रात अग्रलेख लिहिले, तर उरलेला डोळाही दगा देऊ लागला आणि ती नोकरी सुटली. शेवटी १८९६ मध्ये हर्नने जपानी नागरिकत्व घेतलं. बायकोच्या घराण्यात तो दत्तक गेला, आडनाव कोइझुमी लावलं. याकुमो म्हणजे आठ पदरी ढग. इझुमो प्रांताशी जोडलेला हा प्राचीन काव्यातला शब्द त्याने नाव म्हणून घेतला. जपानमध्ये जावई सासरचं नाव घेतो ही रीत नवी नव्हती, पण गोऱ्या साहेबाने ते करणं ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. जपानमधल्या पाश्चात्त्यांच्या वर्तुळातून तो जवळपास बाद झाला.

नशिबाने त्याच वर्षी टोकियोच्या इंपिरियल युनिव्हर्सिटीने त्याला इंग्रजी साहित्य शिकवायला बोलावलं. नागरिक झाला असूनही परदेशी दराने पगार, महिना ४०० येन. शिकवण्याची त्याची पद्धत अशी, की सावकाश, सोप्या इंग्रजीत एकेक वाक्य बोलायचं आणि मुलांनी ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं. कवितेत काय भावना आहे ते सांगायचं, पांडित्य दाखवायचं नाही. हर्न गेल्यावर मुलांच्या त्या वह्यांवरूनच त्याच्या व्याख्यानांची जाडजूड पुस्तकं अमेरिकेत निघाली. मधल्या सुट्टीत तो प्राध्यापकांच्या खोलीत न बसता आवारातल्या तळ्याकाठी चिलीम ओढत फिरायचा.

खरं काम चालायचं घरी, रात्री.

सेत्सु दिवसा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरून भुताखेतांच्या गोष्टी शोधायची. रात्री दिव्याची वात बारीक करून ती नवऱ्याला त्या सांगायची. पुस्तक हातात धरून वाचायचं नाही, स्वतःच्या शब्दांत सांगायचं, ही हर्नची अट. तेच वाक्य तो पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. तेव्हा आवाज कसा आला असेल? पायातल्या खडावा कशा वाजल्या असतील? ऐकताना त्याचा चेहरा पांढरा पडायचा. सेत्सुला रात्री भीतिदायक स्वप्नं पडू लागली तेव्हा कुठे काही दिवस गोष्टी बंद ठेवल्या. होइची नावाच्या आंधळ्या गायकाची गोष्ट लिहिताना हर्न संध्याकाळी दिवा न लावता बसून होता. सेत्सुने शेजारच्या खोलीतून गमतीने होइचीच्या नावाने हाक मारली, तर त्याने होइची होऊनच उत्तर दिलं.

लिहिण्यासाठी त्याने मुद्दाम उंच मेज बनवून घेतलं होतं, कारण डोळा कागदाला जवळपास टेकवल्याशिवाय अक्षर दिसायचं नाही. काझुओला तो शाळेआधी रोज स्वतः इंग्रजी शिकवायचा, जुन्या वर्तमानपत्रांवर मोठ्ठी अक्षरं काढून. विद्यापीठात शांत असलेला मास्तर पोटच्या पोराला शिकवताना मात्र कडक व्हायचा. आपण लवकर जाणार, ही धास्ती त्यामागे होती.

आणि १९०३ मध्ये ती जुनी मेख टोचली. परदेश शिकून आलेले जपानी प्राध्यापक आता तयार झाले होते. विद्यापीठाने हर्नला करार संपत असल्याचं कळवलं. विद्यार्थी खवळले, त्यांनी सभा घेतल्या. मग विद्यापीठाने कमी तास, कमी पगार असा तोडगा पुढे केला. मानी हर्नने तो नाकारला. ज्या देशासाठी आपण नाव बदललं त्याने आपल्याला परदेशी मास्तरासारखाच निरोप दिला, हे त्याच्या जिव्हारी लागलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं व्याख्यानांचं निमंत्रणही याच सुमारास बारगळलं.

त्याच्या जागी आलेल्यांत एक होते लंडनहून परतलेले नात्सुमे सोसेकी, पुढे आधुनिक जपानचे सर्वात मोठे कादंबरीकार म्हणून ओळखले गेलेले. पण तेव्हा हर्नच्या शिकवण्याची चटक लागलेल्या पोरांनी सोसेकींना फार जड जाऊ दिलं. चार वर्षांनी तेही ती नोकरी सोडून कादंबऱ्या लिहायला लागले.

१९०४ मध्ये वासेदा विद्यापीठाने हर्नला बोलावलं. त्याच वर्षी क्वाइदान हे भुतांच्या गोष्टींचं पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झालं. सेत्सुने मोडक्या घरगुती भाषेत सांगितलेल्या गोष्टी इंग्रजीत गेल्या, आणि पुढे भाषांतर होऊन पुन्हा जपानीत आल्या. १९६४ मध्ये त्यावर मासाकी कोबायाशी यांनी सिनेमाही काढला.

हर्नवर टीका कमी झाली नाही. त्याने जपान फार गुलाबी रंगवला, हा आरोप आहे आणि त्यात तथ्यही आहे. जपानी वाचता येण्याइतकी भाषा त्याला कधीच आली नाही. पण ज्या बाईमुळे ती पुस्तकं झाली तिचं नाव त्यांवर नाही, ही गोष्ट जास्त खटकणारी आहे.

२६ सप्टेंबर १९०४ रोजी हृदयविकाराने टोकियोतल्या घरी हर्न गेला. वय ५४. मागे चार मुलं, धाकटी मुलगी तर वर्षभराची.

दोन वर्षांनी सिनसिनाटीच्या कोर्टात मॅटी फोली उभी राहिली. मी हर्नची पहिली बायको आहे, त्याच्या मिळकतीत माझाही हक्क आहे, असा तिचा दावा होता. कोर्टाने तो फेटाळला. ओहायोच्या कायद्यात ते लग्न झालंच नव्हतं.

सेत्सुला मात्र कुणी काही विचारू शकलं नाही. ती कोइझुमी घराण्याची, नवरा कोइझुमी घराण्याचा, मुलं जपानी, घर तिचं. नवऱ्याच्या आठवणी तिने सांगून लिहवून घेतल्या, आणि हर्नबद्दल आज जे घरगुती तपशील माहीत आहेत त्यातले बरेचसे तिथलेच आहेत. १९३२ मध्ये ती गेली. टोकियोच्या झोशिगाया दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी आहेत. सोसेकींची समाधीही त्याच दफनभूमीत आहे.